न बुडालेली बोट

समाधान बनसोडे हे नाव ज्याला ठेवलं, त्या माणसाला उभ्या जन्मात समाधान म्हणून मिळालं नाही, असं त्यांच्या पत्नी नंदाताई चारचौघांत सांगत. आणि त्यावर, "अगं, चारचौघांत कशाला सांगतेस, लोक काय म्हणतील," अशी आणखी एक काळजी समाधानराव करून घेत.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ते तपासनीस होते. समोर येणारा प्रत्येक सुटा भाग मापात बसतो की नाही ते बघायचं. नाही बसला तर लाल रंगाचा ठिपका देऊन बाजूला टाकायचा. बसला तरी त्याच्याकडे एकदा संशयानं बघून मगच पुढे सोडायचा. सगळी नोकरी हे केल्यावर माणूस घरी येऊन पोळीसुद्धा उलटून पाहतो. नंदाताई म्हणत, "काही खोट दिसली तर लाल ठिपका द्या आणि उपाशी झोपा." मग ते निमूट जेवत. मात्र जेवताना गॅसचा कॉक बंद आहे ना, दाराला आतून कडी आहे ना, आणि वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी आज जरा जास्तच झिरपतेय का, हे विचार तोंडी लावायला असतच.

या सावध माणसाला एकच वेड होतं, आणि तेही पुण्यात राहून लागावं असं नव्हे. त्यांना लढाऊ बोटीचं मॉडेल हवं होतं. खेळण्यातली तयार बोट नव्हे. खोक्यात बारीक बारीक सुटे भाग येतात, ते चिमट्यानं उचलून, चिकटवून, रंगवून जिची हुबेहूब छोटी प्रतिकृती होते, तशी. आणि तीही कुठलीही चालणार नव्हती. भारतीय नौदलाची पहिली क्रूझर, जुनी 'दिल्ली', तीच हवी होती. मूळची ही 'अकिलीस'. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्यांकडून लढली, आणि स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे आली. समाधानरावांचे वडील भीमराव तिच्या बॉयलरवर कामाला होते. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी त्या बोटीत काढली. "आफ्रिकेला जाऊन आलो," ते सांगायचे, "पण समुद्र काही बघायला मिळाला नाही. बॉयलरला खिडकी नव्हती."

भीमराव जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. बोट तर मोडीत निघाली होती. घरात उरला होता एक फोटो. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, फळीवर. बोटीच्या मागच्या बाजूला डेकवर भीमराव छाती काढून उभे, डोळे उन्हानं बारीक झालेले. लहान समाधाननं एकदा विचारलं होतं, "पुढं दोन बुरूज आहेत तोफांचे, मग मागं एकच कसा?" भीमराव म्हणाले होते, "दुसरा लढाईत काढून टाकला, बाळा. त्या जागी विमानं पाडायच्या बारक्या तोफा बसवल्या." बापाची म्हणून जी काही गोष्ट मुलाला पक्की ठाऊक होती, ती एवढीच.

तर ही बोट शोधायला समाधानरावांनी पुण्यातलं एक दुकान सोडलं नव्हतं. लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानदाराला त्यांनी विचारलं, "क्रूझर आहे का?" त्यानं पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "समुद्र मुंबईला आहे." कॅम्पातल्या दुसऱ्यानं खोकं दाखवलं, पण हातात देण्याआधी विचारलं, "मुलाचं वय काय?" समाधानराव म्हणाले, "मलाच पाहिजे." दुकानदारानं खोकं परत कपाटात ठेवलं. "यावर आठ ते बारा लिहिलंय. आपण उशीर केलात." जुन्या बाजारात एका रविवारी क्रूझरचं चित्र असलेलं खरंखुरं खोकं मिळालं, तेव्हा समाधानराव छातीशी धरून घरी आले. उघडलं तर आत अर्धं हेलिकॉप्टर निघालं.

मग देशाचे दरवाजे उघडले, असं पेपरात यायला लागलं. परदेशी चॉकलेटं आली, परदेशी बाहुल्या आल्या, डायनासोर तर इतके आले की ते नामशेष झाले यावर कुणाचा विश्वास बसेना. बोटीही आल्या, पण कुठलंही दुकान गाठा, समोर टायटॅनिक.

"टायटॅनिक घ्या की साहेब. सगळे तीच नेतात."

"मला न बुडालेली पाहिजे," समाधानराव म्हणत आणि बाहेर पडत.

त्यांची मुलगी पूर्वा इंजिनियर झाली, कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली, आणि वर्ष-दीड वर्षात कंपनीनं तिला सहा महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवायचं ठरवलं. त्या काळात पुण्यात कुणाचं पोर परदेशी निघालं की अख्खी बिल्डिंग मागण्या घेऊन यायची. कुणाला अत्तर, कुणाला दाढीचा साबण. समाधानरावांनी मात्र काहीच मागितलं नाही. विमान पडेल का, तिथं भात मिळतो का, घरमालकीण कशी असेल आणि मुलगी उबदार कपडे घालेल का, या चार गोष्टींतून त्यांना मागायला सवडच झाली नाही.

पूर्वा गेली, आणि रविवारचे फोन सुरू झाले. लंडनपासून तासाभरावरच्या गावात एका बाईंकडे ती खोली घेऊन राहत होती. दर रविवारी दुपारचं जेवण आटोपून ती फोनकार्डावरून फोन करी. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झालेले असत. समाधानराव सहापासून फोनशेजारी बसत. घंटी वाजली की पहिल्याच टणत्काराला उचलत, आणि मग त्यांना काय बोलावं ते सुचत नसे.

"जय भीम, बाबा."

"जय भीम. जेवलीस?"

"हो."

"थंडी आहे?"

"आहे."

"बरं. आईला देतो."

आठवडाभर साठवलेली काळजी एवढ्यात संपायची. नंदाताई मात्र भाजीच्या फोडणीपासून घरमालकिणीच्या मांजरापर्यंत सगळं विचारून घेत, आणि समाधानराव शेजारी उभे राहून खुणा करत, "स्वेटर विचार, स्वेटर."

एका रविवारी पूर्वाच म्हणाली, "बाबा, इथे मॉडेलची दुकानं आहेत. तुमची क्रूझर शोधू का?"

त्या दिवसापासून बापलेकीच्या बोलण्याला विषय मिळाला. 'अकिलीस' काही मिळेना, पण त्याच जातीची तिची सख्खी बहीण 'एजॅक्स' हिचं खोकं निघतं, आणि तिचा मागचा एक बुरूज न बसवता सोडला की आपल्या 'दिल्ली'च्या बरीच जवळ जाता येईल, हे समाधानरावांनी खडकी बाजारातल्या सायबर कॅफेत बसून शोधून काढलं. तिथंही भीतीच. दारूगोळा कारखान्याचा माणूस युद्धनौकांची चित्रं बघतोय, मागून कुणी पाहिलं तर? कुणी आत आलं की ते चटकन क्रिकेटचा स्कोअर लावत. पण रविवारी फोन आला की आता "जेवलीस?" नव्हतं, "थंडी आहे?" नव्हतं. थेट, "क्रूझरचं काय झालं?" नंदाताई म्हणाल्यासुद्धा, "पोरगी नोकरीला गेलीय का बोट आणायला?" पण फोन लांबला हे त्यांनाही बरं वाटत होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळी तोंडावर आलेली, तेव्हा पूर्वा म्हणाली, "बाबा, किनाऱ्यावरच्या एका गावात या शनिवारी मॉडेलवाल्यांचा मेळावा आहे. जुनी खोकी विकायला येतात. दोन गाड्या बदलाव्या लागतात. जाऊ?"

"जा की!" समाधानराव म्हणाले. "लवकर जा. चांगली खोकी आधी संपतात."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी मागचापुढचा विचार न करता 'जा' म्हटलं होतं. तेही एकुलत्या एका मुलीला.

पुढच्या रविवारी समाधानराव नेहमीसारखे सहापासून बसले. मनगटावरचं घड्याळ ते रोज कारखान्याच्या भोंग्यावर लावत, त्यामुळे त्यात चूक असणं शक्य नव्हतं. साडेसहा झाले. फोन वाजला नाही.

"येईल," नंदाताई कणीक मळता मळता म्हणाल्या. "भांडी घासत असेल."

थोडा वेळ गेला. समाधानरावांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. फोन चालू होता. खाली ठेवला. मग वाटलं, ठेवताना नीट बसला नसेल. पुन्हा उचलला.

"अहो, सारखा उचलून काय बघताय? तेवढ्यात तिचा फोन आला तर एंगेज लागेल!"

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. म्हणजे मघाशी उचलला तेव्हाच आला असेल. पोरीनं एकदा लावला, एंगेज लागला, दुसऱ्यांदा लावला, पुन्हा एंगेज, आणि मग... पण मग ती पुन्हा लावेलच ना? लावण्याच्या स्थितीत असली तर. 'स्थितीत' हा शब्द मनात आला आणि समाधानराव उठून उभे राहिले.

दारातून शेजारचे उत्तरेश्वर डोकावले. हे कारखान्याच्याच स्टोअरला कामाला. मूळचे कळंबकडचे, वीस वर्षं पुण्यात काढूनही बोली तिकडचीच. आवाज एरवी कारखान्याच्या भोंग्याशी स्पर्धा करणारा, पण आज ते कुजबुजत होते.

"आला का पूर्वाचा फोन?"

"नाही ना. तुम्ही असे का बोलताय?"

"रुपाली झोपलीया." रुपाली ही त्यांची मुलगी. नुकतीच कॉल सेंटरला लागलेली; इंग्लंडातल्या लोकांच्या तक्रारी रात्रभर ऐकायची आणि दिवसा झोपायची. "एरवी ह्या टायमाला उठती, पर आज म्हनली, तासभर उशिरा उठवा, गाडी उशिरा येनार हाय. भिंत पातळ, म्हनून आपलं हळू."

तेव्हापासून सगळी काळजी कुजबुजत करावी लागली. काळजी मोठ्यानं करता आली तर थोडी तरी बाहेर पडते. कुजबुजली की आतच फुगते.

"कायबी व्हत नसतंय," उत्तरेश्वर कुजबुजले. "माझ्या मेव्हण्याचं असंच झालं. दर आठवड्याला फोन यायचा, एकदा आलाच न्हाई. दोन दिस घरात चूल पेटली न्हाई."

"मग? काय झालं होतं?" समाधानराव पुढे सरकले.

"बिल भरलं नव्हतं. फोन कापला व्हता."

समाधानरावांनी बिल भरलं होतं. पण भरलेलं बिल तिकडं पोचलं का? येणारे फोन बंद करून जाणारे चालू ठेवतात म्हणे. मघाशी कानाला लावून जे ऐकलं ते जाणाऱ्यांचं होतं.

"थांबा," उत्तरेश्वर म्हणाले आणि चवड्यांवर चालत आपल्या घरी गेले.

आणि फोन वाजला. समाधानरावांनी झडप घातली. "पूर्वा! पूर्वा, कुठं आहेस तू?"

"मी हाय," पलीकडून कुजबुज आली. "येनारे चालू हायत तुमचे."

नंदाताईंनी पिठाचे हात पदराला पुसले आणि त्या वेताच्या मोड्यावर येऊन बसल्या. इतका वेळ त्या कणीक मळत होत्या. ती आता इतकी मऊ झाली होती की तिच्या पोळ्या होण्याची आशा नव्हती. बाहेर अंधार पडला होता. जिन्यात कुणीतरी वेळेआधीच टिकल्या फोडत होतं.

"मीच पाठवलं तिला," समाधानराव म्हणाले.

"उगाच काहीतरी."

"नाही, मीच. दोन गाड्या बदलायच्या होत्या. बंदराचं गाव, तिथं खलाशी असतात. धुकं असतं. कशासाठी? खेळण्यासाठी. दुकानदार बरोबर बोलला होता, आठ ते बारा."

नंदाताई पदरावरचं पीठ खरवडत राहिल्या. त्या टोमणा मारत्या तर बरं झालं असतं, असं समाधानरावांना वाटलं. त्या गप्प म्हणजे त्याही घाबरल्या.

घरमालकिणीचा नंबर होता. पण घरच्या फोनवरून परदेशी लागत नव्हता. त्यासाठी स्टेशनजवळच्या बूथवर जायला हवं. गेलं, आणि तेवढ्यात इथं फोन आला तर? न जावं, आणि तिकडं पोरीला खरंच काही झालं असेल तर? समाधानराव चपला घालून दारापर्यंत गेले, परत आले, चपला काढल्या, पुन्हा घातल्या. कारखान्यात सोपं होतं. भाग मापात बसला किंवा नाही बसला. इथं काहीच हातात नव्हतं, मापायचं काय?

त्यांची नजर फळीवर गेली. भीमराव छाती काढून उभेच होते. बोट सहा सहा महिने बाहेर असायची. तेव्हा फोन नव्हता, रविवार नव्हता. पत्र आलं तर आलं. आई काय करत असेल? हा प्रश्न समाधानरावांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पडला. आजवर त्यांना बोटीचे बुरूज ठाऊक होते, मापं ठाऊक होती. किनाऱ्यावर कोण वाट बघत होतं, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"नको ती बोट," ते फोटोकडे बघून पुटपुटले. "पोरगी बोलू दे फक्त. पुन्हा नाव काढणार नाही."

शेवटी उत्तरेश्वरच म्हणाले, "मी जातो बूथवर. द्या नंबर. काय इचारायचं तेवढं सांगा, इंग्रजीत."

"व्हेअर इज पूर्वा," समाधानराव कुजबुजले.

"व्हेअर इज पूर्वा. आन बाई पुढं बोलाय लागली तर?"

"प्लीज स्लोली."

"प्लीज सोली." उत्तरेश्वरांनी ते दोनदा घोकलं, खिशात नंबर घातला, उंबरा ओलांडला, आणि फोन वाजला.

यावेळी समाधानरावांच्यानं उचलवेना. नंदाताईंनी उचलला, आणि त्यांच्या तोंडून आवाज फुटायच्या आत पलीकडचा खणखणीत आवाज खोलीभर ऐकू आला: "जय भीम, आई! बाबांना दे, बाबांना दे!"

समाधानरावांनी रिसीव्हर घेतला.

"बाबा, मिळाली! एका म्हाताऱ्या आजोबांच्या टेबलाखाली होती. मी सगळं सांगितलं, तुमच्या वडिलांचं, बुरुजाचं. ते म्हणाले, त्यांचा भाऊपण अशाच बोटीवर होता. खोकं जरा फाटलंय, पण आतले भाग सगळे आहेत, मी मोजले... बाबा? ऐकताय ना?"

"कशी आहेस तू?" समाधानराव म्हणाले.

"मी? मी मजेत. बाबा, क्रूझर मिळाली म्हणतेय मी."

"हो. परत येताना अंधार झाला होता का? बसायला जागा मिळाली? काल रात्री काय जेवलीस?"

मग पूर्वा हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना? तुम्ही क्रूझरचं काहीच विचारत नाही आहात. खरं सांगा, काय झालंय? आईला द्या, आईला द्या!"

आता काळजी तिकडं सुरू झाली होती. इकडं बाप रडतोय की हसतोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. नंदाताईंनी रिसीव्हर ओढून घेतला. "काही झालेलं नाही बाबांना. तू आधी सांग, फोनला एवढा उशीर का केलास? इथं आमचे जीव टांगणीला लागले!"

"उशीर? मी जेवून नेहमीच्याच वेळेला केलाय. दोन वाजलेत."

"इथं साडेसात वाजलेत, पूर्वा!"

एवढ्यात दारात रुपाली उभी राहिली. केस विस्कटलेले, अंगावर चादर, डोळे अर्धे मिटलेले. "काय गोंधळ आहे, काका? फोन किती वेळा वाजतोय." मग तिनं ते ऐकलं आणि जांभई देत म्हणाली, "अहो, आजपासून त्यांची घड्याळं एक तास मागं गेली ना. थंडीत घेतात. दरवर्षी करतात. आमची शिफ्टसुद्धा तासानं पुढं गेली, म्हणून तर मी अजून झोपले होते."

उत्तरेश्वरांनी खिशातला नंबर काढून टेबलावर ठेवला. जिला सगळं ठाऊक होतं तिला जाग येऊ नये, म्हणून चार भिंतींत तिघंजण तासभर कुजबुजत होते.

"घड्याळं मागं घेतली?" समाधानराव म्हणाले. "सगळ्या देशानं?"

"हो, काका."

"सरकारनं?"

"हो."

"आमचा भोंगा एक मिनिट चुकला तर चौकशी बसते," समाधानराव म्हणाले. त्यांचा आवाज आता चांगलाच चढला होता, कारण कुजबुजायचं कारण उरलं नव्हतं. "आणि हे अख्खा तास मागं घेतात, आणि कुणाला कळवत नाहीत! यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं!"

"पोळ्या नाहीत आज," नंदाताईंनी जाहीर केलं. "कणकेची खळ झालीय. पिठलं-भात करते. सगळे इथंच बसा. रुपे, तूही खाऊन जा."

पूर्वा परत आली ती खोकं हातातल्या सामानात घालून. विमानतळावरच्या माणसानं ते उघडायला लावलं, तोफांकडे पाहिलं आणि विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, आजोबांची बोट आहे. त्यानं बंद करून दिलं.

बोट जोडायला समाधानरावांना अख्खा पावसाळा लागला. प्रत्येक भाग उलटून पाहिला. एका डोलकाठीला तर त्यांनी सवयीनं लाल ठिपका दिला आणि मग तो पुसत बसले. आता ती फळीवर आहे, फोटोशेजारी. मागचा एक बुरूज उरला, तो फोनच्या बाजूला ठेवलेला असतो. झाडताना नंदाताईंनी एकदा विचारलं, "हा बसवायचा राहिला का?" ते म्हणाले, "राहिलाय तेच बरोबर आहे." एखादी गोष्ट उरली आणि समाधानरावांना तिची काळजी वाटली नाही, असं घरात पहिल्यांदाच घडलं.

त्या वर्षीच कंपनीनं पूर्वाला पुन्हा तिकडे पाठवायचं ठरवलं. यावेळी दोन वर्षांसाठी. निघायच्या आदल्या दिवशी समाधानराव बॅगेचं कुलूप तपासत होते. नंदाताई त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तिला काहीतरी शोधायला सांगा. नाहीतर फोनवर तुम्ही बोलणार काय?"

समाधानरावांनी कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं. मग खाकरले.

"पूर्वा, आपल्या नौदलात आणखी एक क्रूझर होती. 'म्हैसूर'. ती मिळते का बघ. पण मेळाव्याला एकटी जायचं नाही. आणि त्यांनी घड्याळाला हात लावला की आदल्या दिवशी कळवायचं."

"कळवते, बाबा."

"आणि जेवत जा."

"हो."

"बरं," समाधानराव म्हणाले, आणि यावेळी त्यांनी आईला फोन दिला नाही, कारण मुलगी अजून समोरच उभी होती.